मनाचा फॅक्टर ऑफ सेफ्टी



सेमिस्टर संपत आली की होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर उभं राहून नुसते कान द्या, एकच शब्द ऐकू येतो. टेन्शन! सबमिशनचं टेन्शन, व्हायवाचं टेन्शन, केटीचं टेन्शन, प्लेसमेंटचं टेन्शन, 'ती'चं (किंवा 'त्या'चं) टेन्शन, आणि मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी वांग्याची भाजी असली की तिचं वेगळंच. गंमत बघा, आम्हा मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना टेन्शन हा शब्द अभ्यासक्रमात आहे. एखादी सळई ओढली तर ती किती ताणते, कुठे बारीक होते आणि कधी तुटते यावर एक अख्खा विषय आहे, त्याचं प्रॅक्टिकल आहे, जर्नल आहे, जर्नलवर सरांची सही आहे. पण माणूस ओढला गेला तर त्याचं काय होतं, यावर चार वर्षांत एकही लेक्चर होत नाही. तिथे फक्त एक वाक्य मिळतं, "मन घट्ट कर."

हे वाक्य घरून फोनवर येतं, सिनियर सांगतात, कधीकधी स्टाफरूममधूनही येतं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला कुचकामी आहे. एक तर घट्ट कर म्हणजे नेमकं काय कर हे कुणीच सांगत नाही. पान्याने आवळायचं की वेल्डिंग करायचं? आणि दुसरं म्हणजे, घट्ट असलेली वस्तू मजबूत असतेच असं नाही. हे मी नाही, आपल्या लॅबमधलं यूटीएम मशीन सांगतं.

ज्यांनी ते प्रॅक्टिकल बंक केलं त्यांच्यासाठी थोडक्यात. बीड म्हणजे कास्ट आयर्न घ्या. दिसायला दणकट, दाबाखाली तर भलतंच ताकदवान. पण ओढायला लागलात की ते काहीच बोलत नाही, ताणत नाही, वाकत नाही, आणि एका क्षणी खाडकन दोन तुकडे. साधं माइल्ड स्टील घ्या. ते आधी ताणतं, मग 'यील्ड' होतं, मग मध्ये मान बारीक होते, आणि बऱ्याच वेळाने तुटतं. म्हणजे तुटायच्या आधी ते चांगलं ओरडून सांगतं की बाबांनो, लोड कमी करा! म्हणून तर इमारतीच्या काँक्रीटमध्ये स्टीलच्या सळया घालतात, बिडाच्या नाही. आता आपल्या होस्टेलकडे बघा. ज्याला आपण 'सॉलिड आहे यार तो' म्हणतो, जो कधी रडत नाही, कधी घरची आठवण आली म्हणत नाही, ज्याला विचारलं की "मस्त, एकदम फर्स्ट क्लास" असंच उत्तर येतं, तो स्टील आहे की बीड, हे आपल्याला माहीत असतं का?

या 'सॉलिड' प्रकाराचं अजून एक विकृत रूप म्हणजे रॅगिंग. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ साली आला, यूजीसीचे नियम २००९ साली आले, दरवर्षी आपण आणि आपले पालक प्रतिज्ञापत्र भरतो. तरीही "थोडंफार पाहिजे रे, त्याने माणूस तयार होतो" असं म्हणणारे आहेतच. मला या मंडळींना एकच विचारायचंय, मटेरियलला हातोडा मारून त्याची ताकद वाढते की त्याला बारीक चीर पडते? उत्तर 'फटीग' नावाच्या चॅप्टरमध्ये आहे. असो.

मग मनाची ताकद वाढवायची कशी? नशीब असं की याचं उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. बेलापूरहून ट्रान्स-हार्बरच्या मार्गाने ठाण्याला जा. तिथे डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, ही संस्था सुरू केली. मानसिक आजारांवर उपचार तर तिथे होतातच, पण ज्यांना आजार नाही अशांनाही मनाची मशागत कशी करायची ते शिकवायचं, हा त्यांचा आग्रह. तुमच्यापैकी काही जण शाळेत असताना त्यांच्या 'वेध' कार्यक्रमाला जाऊन आलेही असतील. डॉक्टरांचं 'स्वभाव-विभाव' हे पुस्तक ज्या विचारपद्धतीवर आहे तिचं मराठीतलं नाव जरा भारदस्त आहे, विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती. मूळ जनक अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट एलिस, आणि आपल्याकडे ती रुजवण्यात मोठा वाटा मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांचा. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही एलिसच्या आयुष्यावरची कादंबरी मराठीत लिहिली आहे. सबमिशनच्या रात्री वाचू नका, पुस्तक खाली ठेववत नाही.

एलिसबाबांचा (१९१३ ते २००७) एक किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आपल्या वयाचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहणारा हा मुलगा प्रचंड लाजाळू. मुलींशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने ठरवलं की हे बस्स झालं. घराजवळच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी कोणी असेल तिच्याशी एक मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात असे १३० प्रसंग झाले. त्यातल्या ३० जणी लगेच उठून गेल्या. १०० जणी बोलल्या. पक्षी, फुलं, पुस्तकं, कशावरही. आणि या शंभरांतून पुन्हा भेटायला तयार झाली किती? एक. तीही ठरलेल्या दिवशी आलीच नाही!

आपल्या हिशेबाने हा रिझल्ट म्हणजे शून्य टक्के. 'ऑल क्लिअर'च्या ऐवजी 'ऑल केटी'. पण एलिसने काढलेला निष्कर्ष वेगळा होता. १३० वेळा नकार पचवूनही आकाश कोसळलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि आपण आहोत तसे शिल्लक आहोत. भीती नकाराची नव्हतीच. नकार मिळाला तर काहीतरी भयंकर होईल या स्वतःच्याच समजुतीची होती. (एक सूचना : हा प्रयोग जसाच्या तसा आपल्या कँटीनमध्ये करू नये. ती १९३० च्या दशकातली गोष्ट आहे, आणि समोरच्या मुलीलाही शांतपणे चहा पिण्याचा हक्क आहे. प्रयोग करायचाच असेल तर सेमिनारला उभं राहून प्रश्न विचारण्यापासून सुरुवात करा. घाम तेवढाच फुटतो.)

पुढे १९५५ च्या सुमारास एलिसने आपली पद्धत मांडली. तिचा गाभा तीन अक्षरांत आहे, ए, बी, सी. 'ए' म्हणजे घडलेली घटना, 'सी' म्हणजे तिचा आपल्या मनावर आणि वागण्यावर झालेला परिणाम. आपण सगळे धरून चालतो की 'ए'मुळे 'सी' झालं. केटी लागली म्हणून मी खचलो, ती नाही म्हणाली म्हणून मी बरबाद झालो. एलिस म्हणतो, मधलं 'बी' कुठे गेलं? 'बी' म्हणजे त्या घटनेबद्दलची आपली समजूत, आपण स्वतःशी पुटपुटलेलं वाक्य. परिणाम घडवण्यात मोठा हात त्या वाक्याचा असतो.

खोटं वाटत असेल तर निकालाच्या रात्री होस्टेलचा एक राउंड मारा. एकाच रूममधल्या दोघांना एकाच विषयात, समजा एम-थ्रीमध्ये, केटी लागली आहे. एक जण संध्याकाळभर शिव्या देतो, रात्री स्टेशनबाहेर जाऊन मिसळ खातो आणि दुसऱ्या दिवशी फोटोकॉपीचा फॉर्म भरतो. दुसरा घरचे फोन घेणं बंद करतो, मेसला जाणं बंद करतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. 'ए' एकच आहे, मग 'सी' दोन का? पहिला मनाशी म्हणाला, "केटी लागायला नको होती, लागली, च्यायला, वाईट झालं." दुसरा म्हणाला, "मला केटी लागताच कामा नये होती. लागली म्हणजे मी नालायक आहे. आता घरी तोंड दाखवायला जागा नाही." पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात हट्ट आहे. पहिल्यात एका पेपरचा निकाल आहे, दुसऱ्यात अख्ख्या माणसाचा निकाल लावून टाकलाय. एका रीडिंगवरून ग्राफ काढलेला आपल्या सरांना चालत नाही, मग स्वतःच्या बाबतीत आपल्याला कसा चालतो?

इथे एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. ही पद्धत 'बी पॉझिटिव्ह'वाली नाही. "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे स्टिकर एलिसने कधीच चिकटवलं नसतं. केटी लागणं वाईटच आहे, ब्रेकअप दुःखाचाच आहे, आजोबा गेले तर रडू येणारच आणि यायलाच हवं. वाईट वाटणं वेगळं आणि खचून जाणं वेगळं, राग येणं वेगळं आणि सूडाने पेटणं वेगळं, काळजी वाटणं वेगळं आणि हातपाय गळणं वेगळं. पहिल्या जातीच्या भावना त्रास देतात, पण कामालाही लावतात. दुसऱ्या जातीच्या नुसत्या जागेवर बसवून ठेवतात. आतली ताकद म्हणजे दुसरीकडून पहिलीकडे येता येणं. आणि हे एकदा वाचून येत नाही हो. रोज स्वतःचं 'बी' पकडायचं, त्याला उलट प्रश्न विचारायचा, पुरावा मागायचा. "सगळे मला हसतील." सगळे म्हणजे कोण? नावं लिही. यादी सहसा अडीच नावांवर संपते.

आता नात्यांकडे येऊ, कारण खरी आग तिथे आहे.

'ती मला आवडते' आणि 'ती मला मिळालीच पाहिजे' या दोन वाक्यांत फरक फक्त एका 'च'चा आहे. हा 'च' किती महाग पडू शकतो हे महाराष्ट्राने बघितलं आहे. १९९० साली उल्हासनगरमध्ये दहावीची परीक्षा चालू असताना, परीक्षेच्या वर्गात शिरून एका मुलीला जाळून मारलं गेलं. त्यानंतर तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, हिंगणघाटला कॉलेजमध्ये शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं, आठवड्याभरात ती गेली. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी 'एकतर्फी प्रेमातून' असं लिहिलं. मला या शब्दप्रयोगाची चीड आहे. यात प्रेम कुठे आहे? तो 'च' आहे, नुसता 'च'. नकार म्हणजे माझा अपमान, अपमान झाला म्हणजे मी संपलो, आणि मी संपलो तर तीही उरता कामा नये, अशी ही साखळी आहे. त्या साखळीतली पहिली कडी आपल्या होस्टेलमध्येही असते. "भाव खाते", "तिला दाखवतोच", "हो म्हणेपर्यंत मागे लागायचं, मुली आधी नाहीच म्हणतात" हे डायलॉग रात्री दोन वाजता आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. त्यातले बहुतेक जण पुढे काही करत नाहीत, हे मान्य. पण ज्याला ऐकवले जातात त्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नसतं. मित्र म्हणून त्या वेळी हसून टाळी द्यायची की "अरे, ती नाही म्हणाली ना? विषय संपला" असं म्हणायचं, हा निर्णय आपला असतो. एलिसच्या त्या तीस जणी उठून गेल्या, आणि विषय तिथे संपला होता.

उलट बाजूही सांगायला हवी. 'हो' म्हटल्यावरसुद्धा 'च' सुटत नाही. रिप्लाय यायलाच पाहिजे, पाच मिनिटांत यायला पाहिजे, पासवर्ड सांगितलाच पाहिजे, 'माझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही'. याला काही जण केअरिंग म्हणतात! मुलंही करतात आणि मुलीही. ज्याचं स्वतःवर निभत नाही, तो आपला सगळा भार दुसऱ्यावर टाकतो, आणि मग तो दुसरा जरा हलला तरी याला भूकंप वाटतो. कॅन्टिलिव्हरला एकच आधार असतो, त्यामुळे तो आधार किती भक्कम असावा लागतो हे सिव्हिलवाले सांगतील. एकाच माणसावर उभं राहण्यापेक्षा मित्र, घर, एखादा छंद, एखादे सर किंवा मॅडम असे चार-पाच आधार असलेले बरे. मग एक निसटला तर दुखतं, पण छत खाली येत नाही.

एवढं सगळं पुस्तकी वाटलं असेल, तर संध्याकाळी दिवाळ्याला या. पाम बीच रोडच्या बेलापूरकडच्या टोकाला, काचेच्या इमारतींना पाठ करून खाडीकडे चालायला लागलात की हे कोळ्यांचं गाव लागतं. आपल्यातले कित्येक जण चार वर्षं बेलापुरात काढतात आणि दिवाळे फक्त मासे घ्यायला (किंवा तेही नाही) जातात. मी मात्र बऱ्याचदा जेट्टीवर जाऊन बसतो. ओहोटीला चिखलात रुतलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी, तो आपल्याला 'वास' वाटणारा आणि त्यांना घरचा वाटणारा गंध. आणि बाजारात बसलेल्या मावश्या. नकार पचवण्याचं प्रॅक्टिकल बघायचं असेल तर यांच्यासमोर अर्धा तास उभं राहावं. गिऱ्हाईक येतं, कोळंबी हाताने उलटीपालटी करतं, भाव विचारतं, नाक मुरडतं, निघून जातं. असे संध्याकाळभरात कितीतरी. एकीला मी विचारलंच, "मावशी, एवढे लोक नाही म्हणून जातात, वाईट नाही वाटत?" ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघून म्हणाली, "गेला त गेला, दुसरा येल. तो काय मना नाय बोलला, म्हावऱ्याला नाय बोलला." बघा, एलिसचं आख्खं तत्त्वज्ञान कोळंबीच्या टोपलीशेजारी! नकार मालाला आहे, मला नाही. आपल्याला कंपनी इंटरव्ह्यूत नाकारते तेव्हा तिने एका जागेसाठी एका दिवशी एका रेझ्युमेला नाही म्हटलेलं असतं, आपण मात्र ते जन्मपत्रिकेवर लिहून घेतो.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे यांचं पावसाळ्यातलं थांबणं. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना पावसाळ्यात मासेमारी बंद असते. २०२५ साली ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस होती. दोन महिने होडी बाहेर नाही, म्हणजे कमाईलाही ओढ. पण तो काळ वाया गेला असं कुणी समजत नाही. जाळी दुरुस्त होतात, होडीची डागडुजी होते, रंग होतो, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा सुरुवात. आपल्याकडे एखाद्याला इयर ड्रॉप लागला की तो 'आयुष्यातून उठला' म्हणतात. त्या वर्षाला जाळी विणायचं वर्ष म्हणायला काय हरकत आहे?

पण थांबा. इथवर लिहून मी लेख संपवला असता तर तो छान गोड झाला असता आणि निम्मा खोटा. 'बघा, कोळी बांधव कसे हसतमुखाने संकटं झेलतात' हे एसी हॉलमधल्या वक्त्याचं वाक्य आहे. झेललं, पण नुसतं झेलत बसले नाहीत ही खरी गोष्ट. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्टीतल्या आणि पनवेल-उरणकडच्या मिळून ९५ गावांच्या जमिनींवर नवीन शहर उभं राहायला लागलं. आपलं होस्टेल, आपलं कॉलेज, आपलं स्टेशन, सगळं त्याच जमिनींवर आहे. जमिनी गेल्या, खाडीत भराव पडले. त्या वेळी गावकऱ्यांना कुणी समुपदेशक पाठवून "तुमची 'बी' बदला" असं सांगितलं असतं तर? दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या उरणमधल्या आंदोलनात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे काय? मटेरियलची ताकद भागिले त्यावर येणारा ताण. तो वाढवायचे रस्ते दोन आहेत, वरचा आकडा वाढवा किंवा खालचा कमी करा. मनाच्या बाबतीत सगळे आपल्याला फक्त वरचा आकडा वाढवायला सांगतात. योगा करा, ध्यान करा, पॉझिटिव्ह राहा. खालच्या आकड्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो कमी करणं आपल्या एकट्याच्या हातात नसतं, आणि ज्यांच्या हातात असतं त्यांना तो दाखवावा लागतो.

तर दाखवतोच. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे आहे. त्यात सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले. या आकड्यासमोर 'हल्लीची मुलं नाजूक झालीत' हे वाक्य मला निर्लज्जपणाचं वाटतं. सर्वोच्च न्यायालयालाही यात लक्ष घालावं लागलं. २५ जुलै २०२५ च्या निकालात न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. हेल्पलाइनचे नंबर होस्टेलमध्ये आणि वर्गात ठळक लावलेले हवेत. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. आणि मार्कांवरून विद्यार्थ्यांची जाहीर बेअब्रू शक्य तितकी टाळावी. आपली डिफॉल्टर लिस्ट, नाव आणि रोल नंबरासकट, मेन गेटच्या काचेत लागते. हजेरी कमी आहे हे त्या मुलाला कळवायला हवंच, पण ते कँटीनच्या पोऱ्यालाही कळायला हवं का?

आपल्याकडे समुपदेशनाची सोय कागदावर आहे. कुठे, तर ॲडमिन बिल्डिंगमध्ये, एका केबिनच्या शेजारी, जिथे बाहेर बाकावर बसलं की येणारा-जाणारा विचारतो, "काय रे, काय लफडं केलंस?" वेळ काय, तर लेक्चरच्या वेळेत. म्हणजे मन हलकं करायला जायचं तर हजेरी जाणार, आणि हजेरी गेली की पुन्हा टेन्शन. आणि तिथे सांगितलेलं एचओडींपर्यंत किंवा घरी पोचणार नाही, असं लिहून कुणीच दिलेलं नाही. ती खोली रिकामी असते, याचा अर्थ मुलांना गरज नाही असा काढणं म्हणजे कुलूप लावलेल्या लायब्ररीत कुणी येत नाही म्हणून वाचन संपलं असं म्हणण्यासारखं आहे.

समुपदेशक असला तरी रात्री अडीच वाजता तो नसतो. रूममेट असतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्याने आलेल्यांना हात देतात. तसाच पहिला हात रूममेटचा असतो. त्याने डॉक्टर व्हायचं नाहीये. एलिसची ए-बी-सी शिकून समोरच्याचं 'बी' चुकलंय म्हणून रात्रभर भाषण द्यायचं नाहीये, ते स्वतःसाठी वापरायचं. डिप्रेशन हा आजार आहे, मोडलेल्या हाडाला नुसता विचार बदलून प्लास्टर बसत नाही, तिथे डॉक्टरच लागतो. रूममेटने करायचं एवढंच की ऐकायचं. मध्ये "माझं तर यापेक्षा वाईट झालं होतं" हे आणायचं नाही. दोन आठवडे कुणी जेवत नसेल, झोपत नसेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर सरळ विचारायचं, "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" विचारल्याने तसले विचार डोक्यात भरतात, ही भीती खोटी आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, "कुणाला सांगू नको" असं वचन द्यायचं नाही, आणि त्याच रात्री रेक्टर सरांचं दार वाजवायचं. सर झोपेतून उठले म्हणून रागावले तर रागावू देत. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आणि फुकट चालू आहे, मराठीतही बोलतात, नंबर १४४१६. काही जणांना पोलीस केसची भीती वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली आहे असंच धरलं जातं आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही, हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

संपादक मंडळाने दिलेली पानं संपत आली, तेव्हा प्रशासनाकडे आणि मॅगझिन वाचणाऱ्या सर्व सरांकडे-मॅडमकडे तीन मागण्या इथेच मांडतो. डिफॉल्टर लिस्ट फक्त ज्याच्या-त्याच्या लॉगिनवर दिसावी. १४४१६ हा नंबर प्रत्येक मजल्यावर, पाण्याच्या कूलरच्या वर लावावा, कारण तिथे सगळे जातात. आणि समुपदेशकांनी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सात ते नऊ होस्टेलमध्येच बसावं, इथे सांगितलेलं जिवाला धोका असल्याशिवाय बाहेर जाणार नाही असं दारावर लिहून. जागेचा प्रश्न नाही. तळमजल्यावर टीटी टेबलच्या मागची खोली गेली दोन वर्षं मोडक्या खाटा आणि जुन्या गाद्यांनी भरलेली आहे. तिची किल्ली वॉचमनकाकांकडे आहे, आणि खाटा हलवायला थर्ड इयर मेकॅनिकलची पंधरा मुलं रविवारी सकाळी तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.